होडीखालच्या चाकांची काळजी

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आपल्या या कार्यक्रमात आम्ही कधी कर्जाच्या हप्त्यांवर बोलतो, कधी कोकमाच्या सरबतावर. आजचा विषय जरा काळ्या हातांचा आहे. ज्या ट्रेलरवरून आपली होडी खाडीपर्यंत जाते त्याची चाकं, त्याचे पाटे आणि त्याचा आक्सल यांची काळजी कशी घ्यायची, ते आज बघू. खाडीकाठच्या बऱ्याच बचत गटांकडे आता पर्यटकांना फिरवायला फायबरची होडी आहे. होडी आपण लेकीसारखी जपतो, धुतो, रंगवतो. तिच्याखालच्या गाड्याकडे मात्र ढुंकूनही बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो. त्याची शिक्षा आम्हाला मिळाली, म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

आमच्या गटात आम्ही अकरा जणी आहोत. आठ माणसं बसतील एवढी आमची होडी आहे. कांदळवनातली सफर आम्ही दोन खाड्यांत करतो, त्यामुळे आठवड्यातून दोनदा ट्रेलर पिकअपला जोडून एका खाडीवरून दुसरीवर न्यावा लागतो. एप्रिलमधला रविवार होता. पर्यटक दुसऱ्या काठावर येऊन थांबलेले. होडी पुढे, आम्ही दोघी मागून स्कूटीवर. ट्रेलरच्या डाव्या चाकातून बराच वेळ कुंई कुंई आवाज येत होता. 'होडी घासत असेल,' म्हणून आम्ही सोडून दिलं. घाटीच्या उतारावर करपल्यासारखा वास आला, चाक डुगडुगलं आणि पुढच्याच वळणावर ते ट्रेलर सोडून एकटंच निघालं. आमच्या स्कूटीपासून हातभर अंतरावरून गेलं आणि काजूच्या बागेत जाऊन पडलं. ट्रेलर रस्त्यावर घासत थांबला. नशीब, समोरून कोणी येत नव्हतं.

मेकॅनिकदादा आले. त्यांनी चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, आमच्यासमोर उघडला. आत ग्रीस नव्हतंच. तांबूस चिखल होता आणि त्यात बेअरिंगचे तुकडे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, शेवटचं ग्रीस कधी घातलं होतं?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमच्या गटाच्या वहीत रुपयान् रुपयाची तारीख आहे. कोणी कधी किती बचत भरली, कोणाचा हप्ता दोन दिवस उशिरा आला, सगळं आहे. ज्या गाड्यावर आमचा सगळा धंदा उभा होता, त्याची एक ओळही नव्हती.

पाणी आत शिरतं कसं?

चाक फिरतं ते बेअरिंगवर. जुन्या बैलगाडीत चाक कण्यावर थेट फिरायचं, म्हणून गाडीवान वंगणाची नळी गाडीलाच बांधून ठेवायचा. आपल्या ट्रेलरच्या प्रत्येक चाकात दोन बेअरिंग असतात, एक बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या बाजूला. त्यात एका टोकाला निमुळते असलेले पोलादी रोलर असतात. या निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी घेतलं. ते घोडागाड्या बनवणारे कारखानदार होते. वरून येणारं ओझं आणि वळणावर बाजूने येणारा रेटा हे दोन्ही एकाच बेअरिंगने पेलावं, ही त्यांची सोय होती. सव्वाशे वर्षं झाली, तीच रचना आपल्या होडीखाली आहे.

हबच्या आतल्या बाजूला रबराची कडा असलेली एक कडी असते. तिला सील म्हणतात. ग्रीस आत ठेवणं आणि पाणी बाहेर ठेवणं हे तिचं काम. मग सील असताना पाणी आत जातं कसं? गरम भात डब्यात भरून झाकण घट्ट लावा. थोड्या वेळाने झाकण उघडता उघडत नाही, कारण आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकणाला आत ओढते. हबचंही तसंच होतं. आठ-दहा किलोमीटर चालून हब गरम झालेला असतो. आपण खाडीवर पोचतो आणि घाईघाईने ट्रेलर चाकांसकट पाण्यात उतरवतो. हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून खारं पाणी आत ओढलं जातं. सील जुनं असेल तर जास्तच. पुढचं काम मीठ करतं.

म्हणून पहिला नियम. खाडीवर पोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात घालायचा नाही. हबला हात लावून बघायचा. गरम असेल तर अर्धा तास थांबायचं. तेवढ्यात लाइफ जॅकेट मोजा, पर्यटकांना सूचना द्या, चहा प्या. भरतीची वेळ साधता आली तर होडी उथळ पाण्यातच तरंगते आणि हब बुडवायची वेळच येत नाही. ते सगळ्यात उत्तम.

दोन बादल्या गोडं पाणी

दुसरा नियम धुण्याचा. खाऱ्या पाण्यातून ट्रेलर बाहेर आला की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचा. यावरून आमच्या गटात चांगलंच वाजलं. मे महिन्यात आमच्याकडे विहिरी तळाला जातात, खाडीकाठच्या तर खारावतात. "पोरांच्या आंघोळीला पाणी नाही आणि गाड्याला घालता?" असं एका काकींनी विचारलं. त्यांचं चुकीचं नव्हतं. मग मार्गही त्यांनीच काढला. कपडे खळबळल्यावर जे शेवटचं पाणी उरतं, ते दोन बादल्या बाजूला ठेवायचं. नळी लावून पाणी उडवत बसायची गरज नाही. तांब्याने, नेम धरून, जिथे मीठ साचतं तिथेच ओतायचं. ती ठिकाणं म्हणजे पाट्यांच्या फटी, पाटे आक्सलला बांधणारे यू बोल्ट, चाकाची आतली बाजू आणि ट्रेलरच्या चौकटीचे कोपरे. एका चाकाला एक बादली पुरते.

बेअरिंग उघडताना

हंगामात दर महिन्याला चाक उचलून तपासायचं आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, बेअरिंग पूर्ण उघडून धुऊन नवं ग्रीस भरायचं. मध्येच पाणी शिरल्याची शंका आली तर हंगाम संपायची वाट बघायची नाही. पहिल्या वेळी मेकॅनिकला शेजारी उभं करून शिका. आम्हीही तसंच शिकलो.

आधी सुरक्षितता. होडी खाली उतरवलेली हवी. जमीन सपाट हवी. ट्रेलर पिकअपला जोडलेला असू द्या आणि दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा. जॅकवर कधीही विसंबू नका. आक्सलखाली लोखंडी घोडी किंवा लाकडाचे भक्कम ठोकळे दिल्याशिवाय कोणीही खाली हात घालायचा नाही.

चाक काढलं की हबच्या तोंडावर एक टोपी दिसते. ती काढली की खाचा असलेला एक नट आणि त्यातून आरपार गेलेली पिन. पिन काढा, नट काढा, वॉशर आणि बाहेरचं बेअरिंग हातात येईल. मग हब ओढून काढा. आतलं बेअरिंग सीलच्या मागे असतं. सील उचकटून काढावं लागतं, आणि एकदा काढलेलं सील परत बसवायचं नाही. नव्या सीलची किंमत आमच्या गटात एका बाईच्या महिन्याच्या बचतीएवढी आहे. तेवढ्यासाठी जुनं सील परत बसवणं म्हणजे फाटक्या पिशवीत तांदूळ भरणं. काढलेला प्रत्येक भाग जुन्या पांढऱ्या कापडावर, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने, रुखवत मांडल्यासारखा मांडा. बसवताना उलट्या क्रमाने उचलत जायचं.

आता जुनं ग्रीस नीट बघा, ते सगळं सांगतं. ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंय. तांबूस असेल तर आत गंज चालू आहे. काळं पडून करपट वास येत असेल तर बेअरिंग तापत होतं. मग बेअरिंग रॉकेलने किंवा डिझेलने ब्रश लावून धुवा. जवळ चूल, विडी, काडी काही नको. हातात रबरी मोजे घाला. धुतलेलं काळं रॉकेल खाडीत किंवा गटारात ओतू नका. ज्या तिवरांत पर्यटकांना खेकडे आणि पक्षी दाखवून आपण पोट भरतो, तिथेच ते जाणार. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. बेअरिंग कोरड्या फडक्याने पुसून वाळवा. गॅरेजमधल्या हवेच्या नळीने ते गरगर फिरवून वाळवायचा मोह टाळा. वेगाने फिरणारं कोरडं बेअरिंग फुटून रोलर गोळीसारखे उडू शकतात.

रोलर आरशासारखे चकचकीत हवेत. त्यावर टिचक्या पडल्यासारखे खड्डे, निळसर डाग किंवा गंजाच्या रेघा दिसल्या, तर बेअरिंग बदलायचं. ज्या कडीवर ते फिरतं ती हबमध्ये ठोकून बसवलेली असते. तीसुद्धा त्याच्याबरोबरच बदलायची. नवं बेअरिंग जुन्या खरबरीत कडीवर फिरवलं तर तेही लवकर जातं. ती कडी काढणं-बसवणं मेकॅनिकवर सोपवा.

ग्रीस पाण्याला टिकणारं आणि चाकाच्या बेअरिंगसाठीचं हवं. दुकानात तसं सांगूनच घ्या आणि डब्यावरचं नाव वहीत लिहा, कारण दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. भरण्याची पद्धत भरल्या वांग्यासारखी. मसाला वांग्याला नुसता वरून चोपडला तर ते भरलं वांगं होत नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबा, असं सगळीकडून फिरवत करा. ते रोलरांमध्ये पोचायला हवं. हबला ग्रीस भरण्याचं निपल असेल तर पंपाने हळूच भरा. जोर लावला तर मागचं सीलच बाहेर ढकललं जातं.

शेवटी नट. इथेच बहुतेक जणींचा अंदाज चुकतो, कारण नट म्हटला की आवळावा असं आपल्याला वाटतं. हब हाताने फिरवत फिरवत नट पान्याने आवळा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसेल. मग नट सैल करा आणि नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच घट्ट करा. पिनचं भोक खाचेशी जुळलं नाही तर नट किंचित मागे घ्या, पुढे आवळू नका. जास्त आवळलेलं बेअरिंग तापून जळतं. पिन दरवेळी नवी घाला आणि तिची टोकं वाकवा. चाक बसवल्यावर त्याचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा, आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर परत एकदा बघा.

पाटे आणि आक्सल

रस्त्यावरच्या खड्ड्यांचे दणके पाटे सोसतात. एकावर एक ठेवलेल्या पोलादाच्या पट्ट्या म्हणजे पाटे. त्यांच्या फटीत मीठ आणि रेती अडकते, गंज फुगतो आणि पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात. मग एखाद्या दिवशी एक पाटा कडकन तुटतो. धुतल्यावर दोन्ही बाजूंचे पाटे नजरेने तपासा. चीर आहे का, एखादा पाटा बाजूला सरकलाय का, एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसलीये का? वितीने मोजलंत तरी कळतं. पाट्यांच्या टोकांना ज्या बोल्टवर ते हलतात, ते आणि त्यातले बुश झिजलेत का बघा. यू बोल्टचे नट सैल झालेत का, पान्याने बघा. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करून घेऊ नका. 'ताई, शंभर रुपयांत जोडून देतो,' असं कोणी म्हणेल. वेल्डिंगच्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं, लवचीकपणा जातो आणि पाटा तिथेच शेजारी परत तुटतो. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर ट्रेलर एका अंगाला कलतो.

पाटे धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला की आक्सल हळूच मागेपुढे सरकतो. हे डोळ्यांना दिसत नाही, पण सुतळीला कळतं. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, जिथे तो पिकअपला जोडतो, तिथे सुतळीचं एक टोक धरा. दुसरं टोक आक्सलच्या डाव्या टोकापर्यंत नेऊन गाठ मारा. मग तीच सुतळी उजव्या टोकाला नेऊन बघा. गाठ बरोबर पोचली तर आक्सल सरळ आहे. नाही पोचली तर गॅरेज गाठा. टायर एकाच कडेने झिजत असेल तर तीही हीच खूण, किंवा आक्सल वाकल्याची.

आक्सल बहुधा पोकळ चौकोनी नळीचा असतो. खारं पाणी आत राहिलं तर तो आतून खात जातो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसतो. छोट्या हातोडीने टकटक करत जा. एके ठिकाणी आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले, तर तिथे लोखंड पातळ झालंय. तसा आक्सल घेऊन रस्त्यावर जायचं नाही.

आणि ओझं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. होडीत शंभर लिटर पाणी साचलेलं राहिलं, तर दणकट माणसापेक्षा जास्त वजन आपण फुकट ओढतो. ट्रेलर हलवण्याआधी होडीचं बूच काढून पाणी काढा. पावसाळ्यात तर हे विसरूच नका. सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ट्रेलरवर उघडी ठेवलेली होडी भरली की पाटे सपाट होतात. होडीचं तोंड उंच, बूच काढलेलं आणि आक्सलखाली ठोकळे, असं ठेवलं की पाट्यांवर आणि टायरवर भार राहत नाही. धुऊन वाळवल्यावर पाट्यांना तेलाचा हलका हात द्या. हंगामात मात्र देऊ नका, किनाऱ्याची रेती चिकटते. दर पंधरा दिवसांनी चाकं हाताने फिरवा.

काळ्या हातांची मजुरी

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. हे सगळं करायचं कोणी? सुरुवातीला जी मोकळी असेल ती करत होती, म्हणजे कोणीच करत नव्हतं. मग आम्ही बैठकीत मांडलं की, ट्रेलरची पाळी करणाऱ्या दोघींना गटाच्या उत्पन्नातून अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायची. लगेच प्रश्न आला, "घरची भांडी घासायचे कोणी पैसे देतं का?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या दिवशी स्कूटीवर मागे बसलेली आमची मैत्रीण म्हणाली, "चाक माझ्या पायाजवळून गेलं. मला विचारा त्या कामाची किंमत." ठराव झाला. पर्यटकांसमोर वल्हं मारणं हे काम आणि ट्रेलरखाली हात घालणं ही सेवा, असा भेद आम्ही आता करत नाही. राखणीच्या कामाला मोल दिलं, तेव्हाच ते काम व्हायला लागलं.

पहिल्या दिवशी गावातली माणसं बघायला जमली होती. थोडं हसलीही. आता त्यांच्यातलेच दोघे आपल्या ट्रेलरचं सील कोणत्या नंबरचं घ्यायचं, ते विचारायला येतात.

आमच्या वहीचं पान असं आहे, लिहून घ्या. दर फेरीला: हब हाताला किती गरम, टायरमधली हवा, चाकाचे नट, धुतलं का. दर महिन्याला: चाक उचलून वर-खाली धरून हलवलं का, फिरवताना खरखर येते का, पाटे, यू बोल्ट, सुतळीची गाठ. पावसाळ्यापूर्वी: बेअरिंग उघडलं, सील बदललं, तारीख, सही. पहिल्याच पानावर बेअरिंगचा आणि सीलचा नंबर, म्हणजे दुकानात जुना तुकडा घेऊन फिरावं लागत नाही. ट्रेलरबरोबर एका डब्यात एक बेअरिंगची जोडी, सील, पिना, ग्रीस, पाना, जॅक आणि दोन ठोकळे.

फेरीनंतर दोन्ही हबना हात लावायची सवय मात्र आजपासूनच करा. पिकअपमधून उतरल्या उतरल्या, हळूच, उलट्या हाताने. दोन्ही सारखे कोमट असले तर ठीक. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल, तर त्या दिवशी पुढची फेरी नको. पर्यटकांना नाही म्हणा, पैसे परत द्या. आमच्या काकींना बेअरिंग म्हणजे काय ते अजून नीट सांगता येत नाही. पण गेल्या हंगामात उजवा हब जास्त गरम आहे हे त्यांच्याच हाताला कळलं. उघडलं तेव्हा ग्रीस ताकासारखं झालं होतं. सील बदललं, बेअरिंग वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात होती. वहीत त्या तारखेसमोर त्यांची सही आहे.

पुढच्या बैठकीत बचतीची वही उघडाल, तेव्हा शेजारी ट्रेलरचीही एक वही ठेवा.